लुआंग प्रबांगचा पांढरा धागा

१ नोव्हेंबर, शनिवार. पार्ले.

ही डायरी बँकेने जानेवारीत फुकट दिली होती. दहा महिने फोनखाली पडून होती. आज उघडली, कारण एक निर्णय घेतलाय आणि तो कागदावर आला नाही तर मी आठ दिवसांत त्याला फाटे फोडीन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

निर्णय असा: प्रेमा इंगोले यांना विचारायचं. काय ते स्पष्टच लिहितो, इथे कोण बघतंय. पुढचं आयुष्य माझ्याबरोबर काढाल का, हे विचारायचं. माझं वय त्रेसष्ट, त्यांचं एकोणसाठ. रुक्मिणीला जाऊन नऊ वर्षं झाली. इंगोल्यांचे मिस्टर त्याच्याही आधी गेले. मूलबाळ दोघांनाही नाही.

ओळख मुलुंडच्या मोडी लिपीच्या वर्गातली. दर शनिवारी साडेचारला असतो. पार्ल्याचा माणूस मोडी शिकायला मुलुंडपर्यंत कशाला कडमडतो, असं आमची जयंती विचारते. पहिल्या शनिवारी खरोखर मोडीसाठीच गेलो होतो. दुसऱ्या शनिवारपासूनची खात्री देता येत नाही.

अडचण एकच आहे, हाक मारायची. त्या घाटकोपरला हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे अख्खा वर्ग त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांच्या विहारातली मंडळी ताई म्हणतात. हे दोन्ही शब्द मी मरेन पण उच्चारणार नाही, कारण उघड आहे. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नाही. नुसतं प्रेमा म्हणायची माझी छाती नाही. म्हणून दोन वर्षं मी त्यांना फक्त अहो म्हणतो. अहो, शाई देता का. अहो, हा ज आहे की भ. सभ्य शब्द आहे, वाण्यालासुद्धा म्हणता येतो. तरी वर्गातल्या बायका तोंडाला पदर लावून का हसतात ते मला समजलेलं नाही.

तर त्यांच्या विहारातले बावीस जण लाओसला निघालेत. त्यांच्या बहिणीचा मुलगा निलेश टूर्स चालवतो, त्यानेच ठरवलंय. मी तेविसावा. मला देवळांच्या बांधकामात रस आहे, असं मी फॉर्मवर लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

निलेशने कार्यक्रमपत्रिका पाठवली. अकरा तारखेला लुआंग प्रबांग या गावी: "सायं. ६ वा. बासी समारंभ, नंतर पारंपरिक नृत्य व भोजन." माझं डोकंच फिरलं. इतके पैसे भरून शिळं का खायचं? लगेच फोन केला. निलेश हसायचाच थांबेना. बासी म्हणजे तिकडचा शुभ विधी, जेवण ताजं असतं काका, म्हणाला. मग तसं लिहावं ना माणसाने.

बोलता बोलता त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. नाचाच्या शेवटी प्रेक्षकांनाही उठवतात. त्या नाचाला लामवोंग म्हणतात. पुरुषाने बाईसमोर जाऊन हात जोडायचे, मग दोघांनी एकमेकांभोवती गोल फिरायचं, स्पर्श नाही. बाईने नाही म्हटलं तर, असं मी अगदी सहज विचारलं. तो म्हणाला, काका, तिथे कुणी नाही म्हणत नाही.

ठरलं. लामवोंगमध्ये विचारायचं. हात जोडलेले असतीलच, त्यातच आवरून टाकायचं. चार वाक्यं तयार केली आहेत.

जयंतीला सांगितलं. जयंती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वीस-बावीस पायऱ्यांच्या अंतरावर माझं तारुण्य वाया गेलं त्याचं कारण तीच. १९८३ साली तिला मी एक पत्र लिहिलं होतं. ते देणार त्याच्या आदल्या दिवशी राखीपौर्णिमा आली. बाईसाहेब जिना उतरून खाली आल्या, माझा हात ओढला आणि हे भलंमोठं फुलाफुलांचं प्रकरण मनगटावर बांधून मोकळ्या झाल्या. तेव्हापासून बेचाळीस वर्षं मी तिला ओवाळणी घालतोय. आता माझी सख्ख्यापेक्षा सख्खी बहीण आहे, ते वेगळं. पण त्यानंतर दोऱ्याचा मी धसकाच घेतलाय. कारखान्यात राखीच्या दिवशी मी कायम रजा टाकायचो.

जयंती म्हणाली, या वेळी विचारल्याशिवाय परत आलास तर दार उघडणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोडीचा वर्ग बुडवून सगळ्यांच्या बॅगा तोलल्या. साकीनाक्याला वजनकाट्यांच्या कारखान्यात सदतीस वर्षं काटे तपासण्यात गेली, तेव्हा हे काम माझ्याकडे आपसूक आलं. सीतारामकाकांची बॅग सगळ्यात जड. हे विहारातले ज्येष्ठ, वय अठ्ठ्याहत्तर, लाओसमध्ये माझ्या खोलीत असणार आहेत. उघडून पाहिलं तर अर्धी बॅग चिवडा.

इंगोल्यांची बॅग नऊ किलो सहाशे ग्रॅम. नेमकी बाई आहे. मी तीनदा तोलली.

१० नोव्हेंबर, सोमवार. लुआंग प्रबांग.

पोचलो. विमान सुटताना मंडळींनी त्रिसरण म्हटलं, मीही ओठ हलवले. गाव छान आहे, दोन नद्यांच्या मध्ये, पार्ल्यासारखं शांत. म्हणजे पूर्वीच्या पार्ल्यासारखं. इंगोल्यांनी बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. त्यांना बहुधा ऊन सोसत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी

कालचं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

नाट्यगृह लाकडी. चपला बाहेर, बसायला चटया. ज्येष्ठांना खुर्ची होती. गुडघे मला खुर्चीकडे ढकलत होते, पण मी चटईच धरली, कारण इंगोले चटईवर होत्या. मेंदी रंगाची साडी. पर्स त्यांनी आमच्या मध्ये न ठेवता पलीकडे ठेवली. परक्या देशात सावध असलेलं बरं.

नाच सुरू झाला. सहा मुली, डोक्यावर उंच अंबाडे, त्यांना सोनेरी साखळ्या, एका खांद्यावरून पट्टा आणि रेशमी लुंगीसारखं वस्त्र, त्याला खाली पैठणीसारखा काठ. हातात चांदीच्या वाट्या, त्यात फुलं. सुरुवातीला मला वाटलं, अजून सुरूच झालेलं नाही. इतकं सावकाश. पाऊल उचलतात ते टेकवायची घाईच नाही. बोटं मागे वळतात ती मनगटाला टेकतील की काय. मी आयुष्यभर काट्याची सुई डोलत डोलत शून्यावर यायची वाट बघितली आहे. या मुली तशाच शून्यावर येत होत्या आणि आल्या की पुन्हा निघत होत्या. बाजूला एकजण खेन वाजवत होता. बांबूच्या लांब नळ्यांचा बाजा, तोंडाने वाजवायचा, आवाज आपल्या पेटीसारखा भरलेला. माझे डोळे भरून आले, हे इथे कबूल करतो.

तेवढ्यात इंगोले म्हणाल्या, "कर्णिक, तुमची बोटं बघू." आणि माझं बोट धरून मागे वाकवलं. जाईना. सैल सोडा, म्हणाल्या. सोडलं. एकेक करत पाची बोटं झाली, मग दुसरा हात. हॉस्पिटलात संधिवाताच्या पेशंटांना असाच व्यायाम द्यायच्या म्हणे. माझा सांधा चांगला आहे असं त्यांचं निदान. सगळा तिसरा नाच यातच गेला.

मी मनात चार वाक्यं म्हणत होतो. झकास चाललं होतं.

मग बासी आली.

केळीच्या पानांचा उंच शंकू आणला, झेंडूने मढवलेला आणि त्याला चहूबाजूंनी पांढरे दोरे लोंबत होते. तो बघून विहारवाली मंडळी एकदम खूश झाली. अरे, हे तर आपल्याकडच्यासारखंच, असं एकमेकांना सांगू लागली. मला वाटलं झेंडूबद्दल बोलतायत. एका म्हाताऱ्याने मंत्र म्हटले. निवेदिका बाई इंग्रजीत सांगत होती की माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात, ते इकडेतिकडे भटकतात, त्यांना हाक मारून परत बोलवायचं आणि दोऱ्याने बांधून ठेवायचं. इथपर्यंत ठीक होतं. पुढे ती म्हणाली, "ब्रदर, सिस्टर, फ्रेंड, एव्हरीबडी टाय." मी पहिले दोनच शब्द ऐकले. बत्तीसच्या बत्तीस जीव दाराकडे धावले.

इंगोल्यांनी एक दोरा काढला आणि माझ्याकडे वळल्या. हात पुढे करा, म्हणाल्या. मी अहो, अहो करत राहिलो. त्यांनी उजवा हात धरला, तीन गाठी मारल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. खेनमुळे ऐकू आलं नाही. राखी बांधताना बायका पुटपुटतातच.

संपलं. वाट लागली. बेचाळीस वर्षांनी पुन्हा.

हात सवयीने खिशात गेला. तिथली पन्नास हजार किपची नोट होती, आपले दोनेकशे रुपये, ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली. हे काय, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे. त्या क्षणभर नोटेकडे बघत राहिल्या आणि मग ती शंकूजवळच्या तबकात ठेवून आल्या.

आल्या त्या आणखी एक दोरा घेऊन. आपलं मनगट माझ्यासमोर धरलं. "आता तुम्ही," म्हणाल्या.

"राहू दे," मी म्हणालो. "माझ्याकडून नको."

भावाने बांधायची पद्धत नसते, एवढं मला कळतं. त्यांचा हात जरा वेळ तसाच पुढे राहिला. मग सीतारामकाकांनी खुर्चीतून वाकून बांधला.

लामवोंग सुरू झालं. निवेदिकेने माझं अहो, अहो ऐकलं असावं. माइकवर म्हणाली, "मिसेस अहो, प्लीज कम." आमचे बाकीचे सगळे आडवे व्हायचे बाकी होते. इंगोले लाल झाल्या. हसल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी चटईचा काठ उकलत बसलो. शेवटी सीतारामकाका काठी टेकत उठले, त्यांच्यासमोर हात जोडले आणि दोघं गोलात गेली. काकांचा एक गुडघा वाकत नाही, तरी लय बरोबर होती. इंगोल्यांनी वळताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधायला बाहेर गेलो. चपला समोरच होत्या.

खोलीवर येऊन नेलकटरने धागा कापला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसरी बेचाळीस वर्षं माझ्याच्याने होणार नाहीत. सीतारामकाका गुडघ्याला बाम चोळत बघत होते.

तोच दिवस, दुपारी

नाश्त्याला इंगोल्यांनी थेट मनगटाकडेच पाहिलं. धागा कुठे, म्हणाल्या. काढला, म्हटलं. कालच? हो, कालच. मग मला वाटलं, मनात ठेवण्यापेक्षा एकदा सांगून टाकावं. म्हणालो, "तसला धागा मला चालत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. अंड्याची प्लेट उचलली आणि दुसऱ्या टेबलावर गेल्या.

मोठ्या बहिणीसारख्या रागावल्या. सुरुवात तर झालीच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. व्हिएन्तिआन.

आगगाडीने राजधानीत आलो. दोन तास, गाडी एकदम गुळगुळीत. इंगोल्यांनी जागा बदलून घेतली. सगळ्यांच्या मनगटावर दोरे, माझंच मोकळं. तीन दिवस ठेवायचा असतो म्हणे. चिवड्याचा डबा फिरत आला आणि माझी रांग ओलांडून पुढे गेला. निलेश मला कर्णिक साहेब म्हणाला. परवापर्यंत काका होतो.

काय झालंय? घोरतो म्हणून सीतारामकाकांनी तक्रार केली असेल. की लुआंग प्रबांग पार्ल्यासारखं आहे म्हणालो, ते मुलुंडच्या लोकांना लागलं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं. हे लिहिताना कान अजून गरम आहेत.

सकाळी सोन्याचा मोठा स्तूप बघायला गेलो. सगळे प्रदक्षिणा घालत होते. निलेशला मी बाजूला घेतलं आणि विचारलं, माझं काही चुकलंय का. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "काका, स्पष्ट बोलतो. आमच्याकडे परित्राण पाठ झाला की असाच पांढरा धागा बांधतात. मावशी लहानपणापासून बांधत आलीय. तुम्ही तिच्या हातचा धागा त्याच रात्री कापून फेकलात. तिला बांधायला नको म्हणालात. वर तिला सांगितलंत, तसला धागा चालत नाही. पार्ल्याच्या माणसाने आम्हाला चालत नाही म्हटलं की आम्हाला काय ऐकू येतं, ते तुम्हाला खरंच माहीत नाही?"

तसं नाही रे, तसं नाही, एवढंच चार वेळा म्हणालो. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

दुपारभर खोलीत बसलो. पहिला तास, माझं कसं काही चुकलं नाही, याचा युक्तिवाद केला. राखीचा गैरसमज, बस. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि हलेचना. १९९१ साली कारखान्यातला प्रितम सरवदे घरी आला होता. माझ्याच टेबलावर काम करायचा, काट्यात माझ्यापेक्षा हुशार. आईने त्याला चहा दिला, हसून बोलली, आणि तो गेल्यावर त्याचा कप दोनदा घासून खिडकीत वेगळा ठेवला. मी पाहिलं. मी पेपर वाचत बसलो. प्रितमने नंतर घरी येणं सोडलं, आणि का रे बाबा, असं मी त्याला कधी विचारलं नाही. मला कारण माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. धागा मी त्या कारणाने कापला नव्हता, हे शपथेवर सांगीन. पण इंगोल्यांना दुसरं काही वाटावं असं मी आजवर केलं तरी काय होतं?

संध्याकाळी मंडळी नदीकाठी फिरायला गेली. तिथे रोज शे-दीडशे बायका मोठ्या कर्ण्यांवर गाणी लावून व्यायाम करतात. इंगोले कठड्याला टेकून बघत होत्या. मी गेलो. अहो, म्हटलं. वळल्या नाहीत. मग सरळ मुद्द्यालाच हात घातला, पण गाण्यात त्यांना काही ऐकू येईना. काय, म्हणाल्या. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मला वाटलं, तुम्ही मला राखी बांधलीत!"

व्यायामवाल्या बायकांना मराठी येत नाही. वीस पावलांवरच्या आमच्या बाकीच्या सगळ्यांना येतं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "राखी?"

मग मी सगळं सांगितलं, जयंतीचंसुद्धा. त्या मध्येच म्हणाल्या, म्हणजे ती नोट? ओवाळणी, मी म्हणालो. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बोलता येईना. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. राखी आमच्या घरात आलीच नाही. मला सख्खे तीन भाऊ आहेत, त्यांना मी कधी बांधली नाही. तुम्हाला बांधायला लाओसला येईन?"

मीही हसायला लागलो. सुटलो, असं वाटलं. पण त्यांचं हसणं माझ्या आधी थांबलं.

"तुम्ही राखी समजून कापलात, हे मला पटलं," त्या म्हणाल्या. "पण मला ते दुसरं वाटायला एक क्षणही लागला नाही. नाश्त्याच्या टेबलावर बसल्या बसल्या वाटलं. का वाटलं, ते तुम्ही शोधा. ते काम माझं नाही."

मी प्रितमची गोष्ट सांगितली. का सांगितली माहीत नाही. तुम्ही पेपर वाचत बसलात, एवढंच म्हणाल्या. हो, म्हटलं. नंतर आम्ही बराच वेळ त्या बायकांच्या उड्या बघत होतो.

चार वाक्यांतलं एकही बोललो नाही. आज ती बोलायचा मला हक्क नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार. पार्ले.

परत. जयंतीने खरंच दार उघडलं नाही. आतून विचारलं, विचारलंस? नाही म्हटलं. चहा बाहेर आणून दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मोडीचा वर्ग. मी मागच्या बाकावर बसलो. इंगोल्यांनी मागे वळून पाहिलं, शाईची दौत उचलली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. बाकी काही नाही. एवढ्यावर आठवडा निघेल.

त्याआधी सकाळी प्रितमला शोधून काढलं. अंबरनाथला असतो, नातू आहे. चौतीस वर्षांनी फोन. मी कपाची गोष्ट काढली. तो म्हणाला, मला माहीत होतं, मी चप्पल घालत होतो तेव्हा तुझ्या आईने नळ सोडलेला ऐकला. मी माफी मागितली. तो म्हणाला, लई उशीर केलास यार. मग विचारलं, गुडघे कसे आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार

मुलुंडला गेलो, वर्ग नसताना. चौथा मजला, खिडकीतून डोंगर दिसतो. प्रितमशी बोलणं झालं ते आधी सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचं बोलवेना. त्या ऐकून उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

त्या स्वयंपाकघरात असतानाच चार वाक्यं म्हटली. पाठ असलेल्यांपैकी दोनच आठवली. उरलेल्या दोन जागी काय बोललो ते देव जाणे. भांड्यांचा आवाज थांबला. बाहेर आल्या तेव्हा हातात चिमटा होता.

"पार्ल्याला मी येणार नाही," म्हणाल्या.

मला वाटलं, नकार. खाली बघितलं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं रात्रपाळ्या करून हे घर घेतलंय. जिन्यात माझी वाट कुणी अडवत नाही, दाराच्या फटीतून कुणी बघत नाही. तुमच्याकडे येऊन या वयात पुन्हा सगळ्यांना पटवत बसायचं नाही मला. तुम्हाला यायचं तर इकडे या."

पार्लं सोडायचं. जन्म तिथला, शाळा तिथली, लग्न तिथलं, आणि मुलुंडची मी चाळीस वर्षं केलेली टिंगल. मी हे सगळं एका पारड्यात टाकून पाहिलं. काटा हललासुद्धा नाही.

येतो, म्हणालो.

नीट विचार करा, म्हणाल्या. केला, म्हटलं. एवढ्यात? मी म्हटलं, अहो, माझा धंदाच तो होता. मग त्यांनी चहा दिला. उकळून उकळून कडू झाला होता. दोघांनी पुरा प्यायला.

रजिस्टर पद्धतीने करायचं ठरलं. साक्षीदार निलेश आणि सीतारामकाका. तिसरी जयंती.

१ डिसेंबर, सोमवार

जयंतीला सांगितलं. लग्न ऐकून तिने मला मिठी मारली आणि रडली. मुलुंड ऐकून खुर्चीत बसली. म्हणाली, नंदू, नीट विचार केलायस ना रे?

२१ डिसेंबर, रविवार

नोटिशीचा महिना भरला की लग्न. आज सोसायटीत कळवायला गेलो की फ्लॅट बंद राहील, पत्रं पुढे पाठवा. सेक्रेटरी देवव्रत, तळमजल्यावरचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माणूस तसा वाईट नाही. त्याच्या टेबलाशी आणखी दोघं-तिघं बसले होते, पार्किंगवरून वाद घालत. त्याने फॉर्म दिला. मी नवा पत्ता लिहिला: द्वारा इंगोले, मुलुंड पूर्व.

देवव्रतने वाचलं. चष्मा वर केला. आवाज एकदम खाली आणला, आमच्याकडे हा प्रश्न ज्या आवाजात विचारतात त्या आवाजात.

"इंगोले म्हणजे कोण, नंदूकाका?"

बाकीच्यांचं पार्किंग थांबलं.

मला कळलं होतं तो काय विचारतोय. त्यालाही कळलं होतं की मला कळलंय. टेबलावर पेपर पडला होता, नेमका माझ्या हाताशी. मी तो बाजूला सारला.

"आम्ही," मी म्हणालो.